ऑक्टेव्हमध्ये आंबा उणे चार हजार अंशांवर गेलाय

कलमवाला_देवगड:
निर्यातीचा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवतात. बाबांचा प्रश्न: ऊब गाभ्यापर्यंत पोचते का? कॉलेजातल्या सॉफ्टवेअरचा परवाना घरी चालत नाही, म्हणून जीएनयू ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. आंबा गोल धरलाय, व्यास ७ सेमी, सुरुवातीला २८ अंश, साल कायम ४८. उष्णता पसरण्याचा गुणांक पाण्याचाच घेतला, सेकंदाला ०.१४ चौरस मिमी. दर मिलिमीटरला एक बिंदू, वेळेची पायरी १० सेकंदांची. आधी मधल्या बिंदूला एनएएन (म्हणजे ‘ही संख्याच नाही’) आलं. तिथे २८ चिकटवलं, तर आता सालीखाली उणे चार हजार! ओपनफोम हे प्रवाहांचं मोठं सॉफ्टवेअर शिकू का? लाईटचा भरवसा नाही, रात्रभर चालणारं काही नको.

जुना_फोरट्रानवाला:
नारळ फोडायला जेसीबी कशाला? टाकीत पाणी कसं फिरतं ते बघायचं असेल तेव्हा ओपनफोम. तुझ्या समीकरणात २/आर गुणिले तापमानाचा उतार आहे, आर म्हणजे मध्यापासूनचं अंतर. मध्यावर आर शून्य आणि उतारही शून्य, शून्य भागिले शून्य, मग एनएएन येणारच. तिथे आर शून्याकडे नेऊन सीमा (लिमिट) घे, दुसऱ्या अवकलजाची (डेरिव्हेटिव्हची) तिप्पट उरते. २८ चिकटवलंस तर गाभा तापणार कसा? आता पायरी. गुणांक गुणिले पायरी भागिले अंतराचा वर्ग, हे अर्ध्याच्या आत हवं, नाहीतर आकडे उधळतात. तुझं येतं १.४! मध्यबिंदूला तर एक-षष्ठांश धर, म्हणजे १.१९ सेकंद. सरळ १ ठेव.

गुहागरकरीण:
किंवा ऑक्टेव्हमधला समीकरणं सोडवणारा ओडीई१५एस वापर, पायरी तोच ठरवतो. बाय द वे, ऑक्टेव्ह हे नाव सुरांवरून नाही, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील या रासायनिक अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांवरून आलंय. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये काम सुरू केलं तेही त्याच विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी. तुझा आंबा घरच्याच अंगणात आहे म्हण.

कलमवाला_देवगड:
झालं! ३६०० पायऱ्या, चहा ओतेपर्यंत संपल्या. गाभा अर्ध्या तासाला ४२.८, तासाला ४७.३. म्हणजे अर्ध्या तासात काढलेला आंबा आतून पाच अंश मागेच. बाबांना आलेख दाखवला, ते आलेखाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते.

मालवणी_माणूस:
गोल धरलंस ता ठीक. पण कोय खंय गेली?

कलमवाला_देवगड:
बाबांनीही हेच विचारलं. एक फळ कापून कोय हातात दिलीये. व्हर्नियर शोधतोय.