डायमंड रँकची अट आणि आपली मुले

पांझराकाठ
जळगावच्या एका महाविद्यालयातील क्रीडाप्रमुखांनी काल या चर्चामंचावर व्हॅलोरंट या पाच-पाच जणांच्या संगणकावरील नेमबाजीच्या खेळाच्या संघनिवडीच्या अटी लिहिल्या: रँक, म्हणजे खेळातली श्रेणी, डायमंड किंवा त्याहून वर, घरी स्वतःचा गेमिंग संगणक, पंचाहत्तर टक्के हजेरी आणि हिंदी किंवा इंग्रजी अस्खलित. हजेरीबद्दल माझी तक्रार नाही. उरलेल्या तीन अटी वाचून मात्र राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रँक ही दर सामन्याला बदलणाऱ्या अनोळखी साथीदारांबरोबर, बहुधा एकट्याच्या जोरावर मिळवलेली असते. मी धुळ्याला शिकत असताना आम्हीही वरच्या रँकचे पाच जण निवडले आणि पाचही डुएलिस्ट, म्हणजे पुढे घुसून लढणारे, निघाले. धूर टाकणारा कंट्रोलर व्हायला कोणीच तयार नव्हते. बाकीचे चौघे पुढच्या फेरीसाठी क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, वाचवत असताना आमचा तारा ४७०० क्रेडिटची ऑपरेटर ही लांब पल्ल्याची बंदूक घेई, पहिल्याच वळणावर मरे आणि ती समोरच्यांच्या हाती जाई. जिंकायला तेरा फेऱ्या लागतात, आम्ही तीन जिंकलो. घरच्या संगणकाची अट तर चोपडा, शिरपूर, तळोद्याकडून एसटीने येणाऱ्या मुलांना दारातच थांबवण्यासाठी घातली आहे, असे मला वाटते.

क्रीडाप्रमुख
हेतूवर शंका घेण्यापूर्वी आपण आमची प्रयोगशाळा पाहायला हवी होती. तिथल्या संगणकांत ग्राफिक्स कार्ड नाही, आणि या खेळाला लागणारी व्हॅनगार्ड ही फसवणूक रोखणारी प्रणाली विंडोजच्या गाभ्यात बसत असल्यामुळे प्रयोगशाळा साहाय्यक ती घालू देत नाहीत. आम्ही आधी फोनवरच्या खेळाचा संघ केला होता. जुलै २०२२ मध्ये तो खेळ, बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया), अचानक काढून घेतला गेला, तो मे २०२३ मध्ये परतला. तोवर आमच्या चौघांपैकी दोघे पदवी घेऊन निघून गेले होते. म्हणून या वेळी संगणक. शिवाय पहिल्याच दिवशी अठ्ठ्याऐंशी नावे आली. पाच जागा आणि एक राखीव यांसाठी अठ्ठ्याऐंशी मुलांना मी कोणत्या चाळणीतून गाळावे, ते आपणच सांगावे.

डावा कोपरा
खुर्चीत बसून खेळतात त्याला संघ म्हणण्याची वेळ आली, हेच मला अजून पचलेले नाही. आमच्या कबड्डीच्या मैदानावर गेली चार वर्षे दुचाकी उभ्या असतात आणि इथे ग्राफिक्स कार्डाची चिंता चालली आहे.

पांझराकाठ
काका, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, हा प्रदर्शनीय खेळ होता आणि तीर्थ मेहता याने त्यात कांस्य मिळवले. २०२३ मध्ये हांगझोऊला तर अधिकृत पदके दिली गेली. दुचाकींची तक्रार योग्यच आहे, पण त्या आम्ही लावलेल्या नाहीत.

डावा कोपरा
असेल. पण निवडीचे विचाराल तर कबड्डीत आम्ही चढाईचे गुण मोजून सात जण कधी घेतले नाहीत. सात चढाईपटू घेतले तर साखळी कोण धरणार? पंधरा दिवस एकत्र खेळवायचे, मग ठरवायचे. एवढ्यापुरता मी त्या पोराच्या बाजूने आहे, याचा भलता अर्थ काढू नये.

मांगे शे
भाषेच्या अटीवर कोणी बोललेच नाही. हेडफोनवर शत्रूची जागा सांगायला अर्धा सेकंद असतो. ‘तठे दोन शेतस’ (तिथे दोन आहेत) एवढ्यात माझ्या अमळनेरच्या मित्राला सगळे कळते. हिंदी वाक्य जुळवेपर्यंत तो मेलेला असतो. शिवाय समोरच्या संघाने ऐकले तरी त्यांना काही समजत नाही. खान्देशच्या संघाची भाषा अहिराणीच असली पाहिजे.

केळीबाग
खान्देश म्हणजे अहिराणी, हा गैरसमज आता पुरे झाला. मी रावेरचा आहे. आमच्या घरी लेवा बोली चालते आणि आमच्या तोंडी ‘शे’ येत नाही. ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ आहे, त्या बहिणाबाईंच्या ओव्यासुद्धा लोक खुशाल अहिराणीत मोजतात. आता संघातही आम्ही परके ठरणार का?

मांगे शे
बोलीचा अभिमान आम्हालाही आहे, साहेब. पण प्रत्येक धाग्यावर रावेर-यावलचे गाऱ्हाणे मांडलेच पाहिजे का?

केळीबाग
गाऱ्हाणे आपण सुरू केलेत. ‘असली पाहिजे’ हे शब्द माझे नव्हेत. आणि नंदुरबारहून येणाऱ्या भिल्ल किंवा पावरा मुलाने आपली अहिराणी कधी शिकायची?

क्रीडाप्रमुख
याच भांडणासाठी मी हिंदी लिहिले होते.

पांझराकाठ
सर, भाषा पाचांनी आपसांत ठरवावी. लागतात ते वीसेक शब्द: नकाशावरच्या जागा, आकडा, थांब, चल. ते दोन संध्याकाळी बसतात. अस्खलितपणाची परीक्षा आपण कशासाठी घेता?

दुसरे वर्ष, विज्ञान
मी मुलगी आहे आणि माझी रँक डायमंडच्या खालच्या गोल्डपुढे जात नाही. माइक सुरू केला की पहिल्याच फेरीत ‘तू खरंच मुलगी आहेस का’ पासून सुरुवात होते आणि पुढचे इथे लिहिण्यासारखे नाही, म्हणून मी दोन वर्षे माइक बंद ठेवून खेळते. माहिती न देणारा साथीदार म्हणून लोक माझी तक्रार करतात ते वेगळेच. मी सेंटिनेल खेळते. मागचा दरवाजा राखणे हे माझे काम आणि त्याचे गुण फलकावर फारसे दिसत नाहीत. वडिलांना ऑगस्ट २०२५ च्या कायद्याची बातमी दाखवली, पैशांचे खेळ बंद झाले आणि ई-स्पोर्ट्स त्यांपासून वेगळे मानले गेले, हे वाचून त्यांनी कशीबशी परवानगी दिली. त्यानंतर डायमंडची अट वाचली.

क्रीडाप्रमुख
ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती, हे मान्य करतो. इतरांच्या भाषणांमुळे नव्हे. डायमंडची अट काढत नाही, पण निम्म्या जागा रँक न पाहता तीन रविवारच्या सराव सामन्यांतून भरतो. शहरातल्या एका गेमिंग कॅफेचे भाडे मी क्रीडा निधीतून मागतो, त्यामुळे घरच्या संगणकाची अट गेली असे समजावे. भाषेची अटही गेली. हजेरी पंचाहत्तर टक्केच राहील. माइकवर अभद्र बोलणारा त्याच दिवशी घरी जाईल, मग तो सर्वांत वरच्या रेडियंट रँकचा असला तरी.

डावा कोपरा
आणि दुचाकी?

क्रीडाप्रमुख
काका, त्यांत एक माझीही असते. सोमवारपासून हलवतो.

मांगे शे
सामने साडेचारच्या आत संपवावेत, अमळनेरची बस चुकते.

केळीबाग
रावेरचीही चुकते.