समुद्रात आणि परदेशात टीव्ही: तुमचा अनुभव काय?

सूत्रधार: जहाज, बोट, तेलाची रिग किंवा परदेशातली भाड्याची खोली, कुठेही असाल, टीव्हीवर काय दिसलं, काय गायब झालं आणि का, ते लिहा. कुठल्या कंपनीची डिश भारी यावर भांडण नको.

सुरुवात माझ्यापासून. अटलांटिक ओलांडणाऱ्या क्रूझवर केबिनच्या टीव्हीला पहिल्या दिवशी चाळीसेक चॅनेल होते. तिसऱ्या दिवशी उरले बातम्यांचे तीन, खेळांचा एक आणि जहाजाच्या नाकावर बसवलेला कॅमेरा. आम्ही सगळ्यात जास्त तो कॅमेराच पाहिला! टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर एका जागी खिळल्यासारखे असतात, पण त्यांचे झोत वळवलेले असतात लोकवस्तीकडे. भर समुद्रात वर्गणी भरणार कोण, मासे?

डोलकाठी: मी मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर. मेसमधला टीव्ही गेला की मला जेवढे फोन येतात, तेवढे जनरेटर गेल्यावरही येत नाहीत. जहाजावर पांढरा घुमट दिसतो ना, त्याच्या आत डिश असते. जहाज डावीकडे कललं की ती उजवीकडे कलते, नजर उपग्रहावरून हलू देत नाही. बहुतेक वेळा ती धडधाकटच असते, आड आलेला असतो मास्ट (डोलकाठी) नाहीतर फनेल (धुराडं). कोर्स दहा अंश बदलला की चित्र परत. एका फुटबॉल फायनलच्या रात्री कॅप्टननेच विचारलं, "जरा वळवू का?" ते गंमत करत होते असं मी आजही धरून चालतो.

खरी डोकेदुखी एलएनबीची, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीची. अमेरिकेतल्या घरगुती डिश सेवांचा सिग्नल वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा (लहर फिरकी घेत येते), युरोपातल्यांचा सरळ रेषेतला; एकासाठीची एलएनबी दुसऱ्याला चालत नाही. महासागर ओलांडला की तीच डिश, तोच रिसीव्हर, आणि पडद्यावर 'नो सिग्नल'. मग घुमटात गुडघे पोटाशी घेऊन एलएनबी बदलत बसायचं. आता दोन्ही चालणारे एलएनबी मिळतात. माझे गुडघे गेल्यावर.

उत्तरायण: नॉर्वेच्या किनाऱ्याने बोटीने वर गेलो होतो. सत्तर अंश अक्षांशावर उपग्रह अगदी दक्षिणेला असला तरी क्षितिजापासून अकरा-बारा अंशच वर. फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, शिरलं की दक्षिणेचा डोंगर त्याला गिळतो. ८१ अंशांच्या पुढे तर तो क्षितिजाखालीच जातो, डिश केवढीही आणा.

भाडेकरू: स्पेनच्या दक्षिणेला राहत होतो, ब्रिटिश चॅनेल फुकट दिसायचे. २०१४च्या सुरुवातीला ते अॅस्ट्रा २ई या नव्या उपग्रहावर, ब्रिटनपुरत्या आखूड झोतात गेले आणि आमच्या डिशवरून एका रात्रीत नाहीसे झाले. गच्चीवरचे शेजारी मोठमोठ्या डिश आणू लागले. मी पुस्तकं आणली.

रात्रपाळी: झोत असूनही चित्र नाही, हेही होतं. ऑलिम्पिकच्या काळात जहाजावर आंतरराष्ट्रीय बातम्यांचा चॅनेल लावला, तर निवेदिका बोलतेय आणि मागे स्थिर छायाचित्रं! शर्यतीचं हलतं चित्र दाखवायचा हक्कच त्या चॅनेलकडे नव्हता. जहाजं आणि विमानांसाठीचे हक्क निराळे विकले जातात. स्पोर्ट २४ हा चॅनेल २०१२मध्ये त्यासाठीच निघाला.

ओलाचिंब: विषुववृत्ताजवळच्या रिगवर होतो. पावसाची सर आली की केयू बँडवालं (आखूड तरंगलांबीचं) चित्र आधी चौकोन चौकोन, मग काळं. बाजूची दोन-अडीच मीटरची सी बँड डिश मात्र ढिम्म. सी बँडच्या लांब तरंगलांबीला पावसाचं फारसं वाटत नाही. पण एवढी थाळी ठेवायला जागा लागते.

डोलकाठी: @ओलाचिंब, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात चक्क उन्हातही जातं. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नल बुडवतो. रोज काही मिनिटं, काही दिवस. पहिल्यांदा मी अख्खी केबल बदलली होती.

नवखी: आमच्या जहाजावर आता स्टारलिंकचं उपग्रहावरून येणारं इंटरनेट. ते उपग्रह साधारण ५५० किमीवरच, त्यामुळे जो तो आपल्या फोनवर बघतो. पण अॅप म्हणतं तुम्ही भलत्याच देशात आहात, हा कार्यक्रम इथे नाही. असं का?

रात्रपाळी: नेट ज्या देशाच्या पत्त्यावरून बाहेर पडतं, अॅपला तोच देश दिसतो. तुम्ही कुठे तरंगताय ते त्याला कळत नाही. जुनं दुखणं, नवा डॉक्टर.

शिडवाला: छोट्या बोटीसाठी ६० सेंमीचा घुमट घ्यावा का? किनाऱ्याकिनाऱ्यानेच फिरणार आहे.

डोलकाठी: आधी त्या उपग्रहाचा फूटप्रिंट नकाशा (झोत कुठे कुठे पोहोचतो तो) काढा आणि तुमचा मार्ग त्यावर ठेवा. झोताच्या मध्यात ६० पुरेल, कडेला नाही. आणि घुमट बसवताना मास्टपासून जमेल तेवढा लांब.