गाडी विकली, आता विमा बंद करू का?

सर्वांना सप्रेम नमस्कार.

बाबांची गाडी (एमएच-०८, पेट्रोल, बाराशे सीसी) मागच्या आठवड्यात चिपळूणच्या एका गृहस्थांनी नेली. बाबांना आता रात्रीचं नीट दिसत नाही आणि यंदाच्या पावसात त्यांनी गाडी चालवायची नाही असं आईने निक्षून सांगितलं होतं. पैसे खात्यात आले, आरसी बुक दिलं, नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर बाबांनी सह्या करून दिल्या. विम्याचे मात्र अजून सात महिने शिल्लक आहेत. फुल इन्शुरन्स आहे, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के आहे. घेणारे म्हणतात, "ट्रान्सफरचं पावसाळा संपल्यावर बघू." शेजारचे काका म्हणतात, विमा लगेच रद्द करा, उरलेले पैसे परत मिळतील. पॉलिसीचं लॉगइन माझ्याकडेच आहे, इथे बसून रद्द करता येईल. करू का? आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणारच, म्हणून सगळ्यांना विचारते आहे.

— गुहागरची माहेरवाशीण, सध्या मस्कत

*

ताई,

माझं मत विचाराल तर रद्द करून टाका. गाडी दारातून गेली, पैसे पोचले, मग तिचा विमा आपण कशाला भरायचा? २०२४ पासून वर्षाची पॉलिसी मधेच बंद केली आणि क्लेम घेतलेला नसला, तर उरलेल्या दिवसांच्या हिशोबाने पैसे परत द्यावे लागतात. आम्ही देवगडला स्कूटर विकली तेव्हा तसंच केलं, काही अडलं नाही.

— बापू, देवगड

*

बापू, क्षमा करा, पण या बाबतीत मी तुमच्या अगदी विरुद्ध सांगणार आहे. ताई, हे पूर्ण वाचल्याशिवाय लॉगइन करू नकोस.

माझी नोकरी मोटार विम्याच्या दाव्यांत गेली. निवृत्तीनंतर दापोलीला आलो तरी लोक हाच प्रश्न घेऊन ओटीवर येतात. गाडी अंगणातून गेली म्हणजे ती आपली राहिली नाही, असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. पैसे कोणी दिले, किल्ली कोणाकडे आहे, याला तिथे किंमत नाही. आज आरटीओच्या नोंदीत तुझे बाबाच मालक आहेत.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल नेमका याच गोष्टीवर आहे. गाडी एकाने दुसऱ्याला विकली, तिथून ती आणखी पुढे हातोहात गेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. अपघात झाला तेव्हा गाडीला विमा नव्हता. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या पहिल्या, नोंदणीकृत मालकावर टाकली. गाडी आपण कधीच विकली होती, हे त्याचं म्हणणं उपयोगी पडलं नाही.

आता तू विमा रद्द केलास आणि ते गृहस्थ पावसाळाभर तीच गाडी फिरवत राहिले, असं धर. रस्त्यावर सायकलवरून शाळेत निघालेल्या एखाद्या पोरीला धक्का लागला, तर तिच्या आईवडिलांना पैसे द्यायला विमा कंपनी नाही. दावा न्यायाधिकरणात जाईल आणि तिथे नाव निघेल बाबांचं. थर्ड पार्टीमध्ये, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्यात, माणसाच्या मृत्यूला किंवा दुखापतीला रकमेची मर्यादा नसते, विमा नसला तर तोच अमर्याद बोजा मालकाच्या डोक्यावर येतो. वाचणार किती, तेही बघ. हजार ते पंधराशे सीसीच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टीचा दर २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला ३,४१६ रुपये, जीएसटी वेगळा. सात महिन्यांचे जेमतेम दोन हजार होतात. फुल इन्शुरन्सचा बाकीचा भाग धरला तरी एवढ्या रकमेसाठी वडिलांचं घर-बागायत पणाला लावायची नाही. आणि ती पोर कोणाचीही असो, तिच्या घरच्यांना भरपाई मिळायलाच हवी. थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे तो तिच्यासाठीच.

पॉलिसी तशीच राहू दिली तर काय होतं? कलम १५७ प्रमाणे गाडी हस्तांतरित झाली की विमाही घेणाऱ्याकडे गेला असं कायदाच मानतो. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. पण न्यायालयांनी ही आपोआप जाण्याची सोय थर्ड पार्टीपुरतीच धरली आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा अर्ज केल्याशिवाय, कंपनीने पॉलिसीवर नवं नाव घातल्याशिवाय जात नाही.

इथेच तुझ्या चिपळूणच्या गृहस्थांना गाठ. "पावसाळ्यानंतर बघू" म्हणतात ना? त्यांना विचार, वाशिष्ठीचं पाणी चढलं आणि गाडी बुडाली तर क्लेम कोण करणार? बाबांचा त्या गाडीशी आता आर्थिक संबंध नाही आणि घेणाऱ्याचं नाव पॉलिसीवर नाही. दोघांनाही रुपया मिळणार नाही. चिपळूणच्या माणसाला याहून जास्त समजवावं लागणार नाही.

आणि आरटीओचं पावसाळ्यानंतर चालत नाही. विक्री एकाच राज्यातली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याचीच सूचना. घेणारा ढिलाई करत असेल तर बाबांनी ती स्वतः रत्नागिरीला देऊन पोच घ्यावी, नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवावी. गाडीचा ताबा दिल्याचा एक साधा कागद हवा. त्यावर तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या. ई-चलन आलं तर तोच कागद कामी येतो.

— नाना, दापोली

*

नानांच्या पत्राला थोडी जोड देतो. आमच्याकडे सावंतवाडी-बांद्याच्या पट्ट्यात गाड्या गोव्यात विकल्या जातात आणि तिथे घोळ जास्त होतो. परराज्यात गाडी द्यायची तर आधी आरटीओकडून फॉर्म २८ वरची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, काढावी लागते, कळवायची मुदतही ४५ दिवसांची असते. एनओसी हातात पडली की विकणारा समजतो, आपण सुटलो. पण तिकडे नव्याने नोंद होईपर्यंत गाडी एमएच-०७ च्या पाटीवरच धावत असते आणि नाव आपलंच असतं. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर घालून अधूनमधून बघत राहा. परदेशातून एवढं तर सहज होतं. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी लागते, त्याशिवाय नाव हलतच नाही.

— सावंतवाडीकर

*

गाडी विकली नाही, मोडीत काढली, तर? आमचं तसं झालं होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या बिल्डिंगखालच्या सगळ्या गाड्या पाण्याखाली होत्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, पाऊण पटीपुढे गेला की कंपनी तिला टोटल लॉस धरते, आयडीव्हीप्रमाणे रक्कम देते आणि पॉलिसी तिथे संपते. विमा रद्द करू का, हा प्रश्नच उरत नाही. पण आरसी आपोआप रद्द होत नाही, ती आपल्याला करून घ्यावी लागते. त्या दिवसांत भंगारवाले रोख पैसे घेऊन गल्लोगल्ली फिरत होते. घरात चिखल, कोणाला कागद सुचणार? कित्येकांनी गाडी देऊन टाकली आणि आरसी चिखलातच राहिली. अशी चेसिस नंबरची पट्टी आणि जिवंत आरसी चोरीच्या गाडीला लावायला सोन्यासारखी असते. गाडी नष्ट झाली तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. जुनी गाडी मोडीत द्यायची तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, तिथून मिळणारं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट नवी गाडी घेताना करसवलतीलाही चालतं. आधी आरसी रद्द, मगच विमा.

— चिपळूणची वहिनी

*

नाना, वहिनी, सगळ्यांचे मनापासून आभार. काल तुमचंच वाक्य त्या गृहस्थांना ऐकवलं, पाणी चढलं तर क्लेम कोण करणार म्हणून. ते सोमवारी रत्नागिरीला जाताहेत. बाबांनी फॉर्म २९ ची एक प्रत आपल्याकडे ठेवली आहे. दोन गोष्टी राहिल्या. नो क्लेम बोनसचं काय करायचं? आणि नाव बदलल्यावर तरी मी विमा रद्द करू शकते का?

— गुहागरची

*

ताई, बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. घेणाऱ्याला तो मिळत नाही, उरलेल्या मुदतीपुरता फरक कंपनी त्याच्याकडून भरून घेते. बाबांनी कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन ठेवावं, ते तीन वर्षं चालतं. त्यांच्या नावावर दुसरी गाडी येणार असली तर ५० टक्क्यांची सूट ही मोठी रक्कम आहे. येणारच नसली तर पत्राचा उपयोग नाही, ते तुला किंवा तुझ्या भावाला असंच देता येणार नाही.

रद्द करायचं तर आरसी घेणाऱ्यांच्या नावावर चढली आणि त्यांनी स्वतःची पॉलिसी घेतली, हे दोन्ही कागद हातात आल्यावर. तेव्हा खुशाल कर, उरलेले पैसे बाबांच्या खात्यात येतील. पण त्याहून सोपं म्हणजे चालू पॉलिसीच त्यांच्या नावावर करून द्यायची आणि उरलेल्या महिन्यांची रक्कम त्यांच्याकडून घ्यायची. त्यांची गाडी एक दिवसही उघडी राहत नाही.

ट्रान्सफरचा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येईल, सोमवारी फोन चालू ठेवायला सांग. आणि काचेवरचा फास्टॅग बाबांच्या खात्याला जोडलेला असेल, तो आजच बंद कर. त्याला कुठल्याही ट्रान्सफरची वाट बघायला नको.

— नाना