अश्लील निनावी फोन : गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवावा?

प्रश्न :
माझ्या थोरल्या बहिणीला काही आठवड्यांपासून रात्री उशिरा निरनिराळ्या क्रमांकांवरून फोन येतात. कधी पलीकडचा माणूस गप्प राहतो, कधी अत्यंत अश्लील बोलतो. पोलीस ठाण्यात ‘नंबर ब्लॉक करा’ असे सांगून नुसता अर्ज ठेवून घेतला. हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येईल असा) आहे का, आणि तिने स्वतः केलेले ध्वनिमुद्रण न्यायालयात चालते का?

प्रतिसाद १ :
दखलपात्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ (जुन्या भारतीय दंड संहितेचे ५०९) स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या उद्देशाने उच्चारलेल्या शब्दांना लागू होते व त्यास तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड आहे. स्पष्ट नकारानंतरही वारंवार संपर्क होत असल्यास कलम ७८, म्हणजे पाठलाग, हेही अर्जात नमूद करावे. मूक फोनचा तपशील तिथेच उपयोगी पडेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे आक्षेपार्ह संदेशांबद्दलचे कलम ६६अ मात्र लिहू नये. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ मध्येच रद्द केले, तरी आंतरजालावरील तयार नमुन्यांतून ते काही जात नाही!

प्रतिसाद २ :
ध्वनिमुद्रणाबद्दल : आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने केलेले दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये पुरावा म्हणून ग्राह्य धरले होते. आपल्या प्रकरणात याचे महत्त्व अधिक, कारण दूरसंचार कंपनीच्या कॉल नोंदींतून कोणी, कोणाला, कधी व किती वेळ फोन केला एवढेच कळते. काय बोलले गेले ते कळत नाही. म्हणून ब्लॉक करण्याची घाई नको. मूळ फोनमधील कॉलयादी व ध्वनिफीत पुसू नये, आणि प्रत सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडावे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पण ठाण्यात पुन्हा टाळाटाळ झाली तर?

प्रतिसाद १ :
भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. तरीही नोंद न झाल्यास तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी, पोचपावती जपून ठेवावी आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.