आयआयएमच्या कॅपचा कॉल आलाय, पीआयची (मुलाखतीची) तयारी नेमकी कुठून सुरू करू?

सांगलीचा_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी, कॅटनंतर (एमबीएची प्रवेश परीक्षा) नव्या आयआयएमच्या कॅपमधून (त्यांची एकत्रित प्रवेश प्रक्रिया) कॉल आलाय, पीआय फेब्रुवारीच्या शेवटी. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग मेकॅनिकल, आता चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्रोडक्शनला आहे. क्लासवाल्यांनी प्रश्नोत्तरांची जाडजूड पीडीएफ दिलीय, शिफ्टवरून आलो की तीच पाठ करत बसतो, टेल मी अबाउट युवरसेल्फ तर आता झोपेतपण म्हणेन. पण व्हाय एमबीएला काय सांगू? खरं कारण पगार आहे ओ. आणि इंग्लिश बोलताना अडखळतो ते वेगळंच. कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

मिहान_रिटर्न्ड
अभिनंदन भावा. पहिलं काम, ती पीडीएफ मिट आणि तू भरलेला फॉर्म प्रिंट काढून समोर ठेव. पॅनेलसमोर तोच कागद असतो, प्रश्न त्यातूनच निघतात. प्रोडक्शन लिहिलंयस ना, मग टॅक्ट टाइम (मागणी पुरी करायला एक नग किती वेळात निघायला हवा) आणि सायकल टाइम (प्रत्यक्षात किती वेळ लागतो) यातला फरक विचारणारच असं धरून चाल. व्याख्या नको सांगूस, लाइनवरचं सांग, म्हणजे शिफ्टमध्ये हातात 450 मिनिटं आणि कस्टमरला 900 नग हवेत तर टॅक्ट 30 सेकंद, आणि एका स्टेशनला 34 लागत असतील तर तू काय करतोस? ओव्हरटाइम लावतोस की काम स्टेशनांमध्ये नीट वाटून लाइन बॅलन्स करतोस, आणि तो निर्णय तुझा की मॅनेजरचा? इथंच तुझं व्हाय एमबीए आहे बघ. मशीनचं तुला कळतं, पण नग कितीला विकायचा, स्टॉक किती ठेवायचा हे वर कुठंतरी ठरतं आणि तुला तिथं जायचंय. पगार हे कारण खोटं नाही, पण नुसतं तेवढंच सांगितलंस तर पुढचा प्रश्न येणार की मग दुसरी कंपनी का नाही जॉइन करत.

हरिपूरकर
सांगली लिहिलंय म्हणजे हळद येणार म्हणजे येणारच 😄 सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय (त्या भागाच्या मालाची ओळख सांगणारा टॅग) मिळालाय, पण त्यावर थांबू नको. आमच्या हरिपूरला जमिनीखाली पेवं असायची, त्यात हळद साठवायचे, पुरात त्यांचं लई नुकसान झालं, आता माल गोडाऊन नि कोल्ड स्टोरेजला. मेकॅनिकलवाल्याला किर्लोस्करवाडी पण यायला पाहिजे, 1910 ला वसवलेली, लोखंडी नांगर कुठं बनले ते तरी माहीत असू दे. एकदा मार्केट यार्डात जाऊन सौदा बघून ये, गुगलवर वाचून असलं बोलता येत नाही.

मॉकवाली_ताई
मिहान_रिटर्न्डशी अर्धी सहमत. फॉर्म महत्त्वाचा, मान्य, पण 1 फेब्रुवारीला बजेट आणि तुझा पीआय त्याच महिन्यात, त्यामुळे ऑटो सेक्टरबद्दल बजेटमध्ये काय आहे आणि रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) हलला की गाडीच्या कर्जाचा हप्ता का हलतो एवढं तरी यायला हवं. इंग्लिशचं म्हणशील तर मी मॉक (सराव मुलाखती) घेते तेव्हा अडखळणाऱ्यांपेक्षा पाठ करून घडाघडा बोलणारेच जास्त पडतात, कारण मध्येच व्हाय विचारलं की संपलं. छोटी वाक्यं बोल. सुचत नसेल तर दोन सेकंद थांब, कुणी हाकलत नाही. रोज लाइनवर काय झालं ते रूममेटला इंग्लिशमध्ये सांग, त्याला हसू दे.

सांगलीचा_मेकॅनिकल
थँक्यू सगळ्यांना, ताई रूममेट बिहारचा आहे, त्याचं इंग्लिश माझ्यासारखंच 😅 अजून एक, बारावीला मार्क कमी आहेत, विचारलं तर?

मिहान_रिटर्न्ड
जे होतं ते एका वाक्यात सांगायचं, नंतर इंजिनिअरिंगला कसं सुधारलं ते दुसऱ्या वाक्यात, बास. आजारपण वगैरे खरं नसेल तर अजिबात काढू नको. आणि ओबीसी असशील तर नॉन क्रीमीलेयर सर्टिफिकेट सेंट्रल फॉरमॅटमधलं काढून ठेव, राज्याचं तिथं चालत नाही. तहसीलला आत्ताच अर्ज टाक.