तिकोना आणि पवनेचं पाणी: लॅबला घेऊन नोव्हेंबरात जायचंय, काय काय बघावं?

पेठेतला_भटक्या

लॅब्राडोर, नर, 3 वर्षं, 28 किलो. सकाळ-संध्याकाळ मिळून 5 किलोमीटर चालणं होतं, डोंगर अजून चढलेला नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिकोना किल्ला, उतरल्यावर पवना धरणाच्या बॅकवॉटरला तासभर, आणि जमलं तर पुढच्या रविवारी भीमाशंकरचं जंगल असा बेत आहे. रेबीजची लस झालेली आहे. पाणी किती न्यावं, पायांना काय करावं, पाण्यात मोकळा सोडावा का? अनुभवी मंडळींनी सांगावं.

घाटवाटकरी

भीमाशंकर आधी खोडून टाका. ते अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायचा नसतो. हेच ताम्हिणी, सुधागड, कर्नाळ्यालाही लागू. यात नुसता कायद्याचा प्रश्न नाही. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग रानटी प्राण्यांनाही होतो. 2018 साली गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा हाच विषाणू सापडला होता. शिवाय कुत्रा जिथे मुततो, तिथे त्याचा वास रेंगाळतो आणि भेकरासारखी जनावरं ती जागा टाळतात.

तिकोना ठीक आहे, पण वरच्या टप्प्यातल्या पायऱ्या लक्षात घ्या. खड्या आहेत आणि एकेक पायरी माणसाच्या गुडघ्याला येईल इतकी उंच. चढताना लॅब उड्या मारत जाईल. त्रास उतरताना होतो, कारण सगळं वजन पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतं. पाठीवर मूठ असलेला, छातीवर इंग्रजी वाय आकाराचा हार्नेस (अंगावरचा पट्टा) घ्या आणि उतरताना प्रत्येक पायरीला मूठ धरून वजन पेला. नुसत्या गळपट्ट्यावर ओढलंत तर श्वासनळी दाबली जाते. गर्दीच्या रविवारी त्या पायऱ्यांवर कुत्रा नेऊच नका. वरून येणारा माणूस दचकून घसरला तर जबाबदारी तुमची.

लीश (कुत्र्याची दोरी) 1.8 मीटरची साधी, न ताणणारी. आपोआप गुंडाळणारी डबीवाली लीश डोंगरावर बिनकामाची: झुडपात अडकते, आणि झटका बसला की हातातून सुटून कुत्र्याच्या मागे खडखडत जाते. मग तो घाबरून आणखी पळतो.

त्याआधी तीन-चार आठवडे पर्वती किंवा वेताळ टेकडीवर चढ-उताराची सवय करा. सपाटीवरचे 5 किलोमीटर इथे धरू नयेत.

पशुवैद्य_मावळ

रेबीज पुरेशी नाही. पाणथळ जागी जायचं तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस हवीच. उंदरांच्या मुतातून हा जिवाणू साचलेल्या पाण्यात येतो आणि माणसालाही होतो. पहिल्यांदा देत असाल तर 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि दुसऱ्यानंतर साधारण दोन आठवडे थांबावं लागतं. म्हणजे आजच फोन करा, नाहीतर नोव्हेंबर हातचा जाईल. अनेक एकत्रित लसींत लेप्टो असतोच; पुस्तिकेवरचं स्टिकर बघा, कदाचित झालेलीही असेल.

गोचिडांसाठी तोंडातून द्यायची गोळी निघण्याआधी किमान दोन दिवस द्या. पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

आता उष्णता. नोव्हेंबरात पहाट गार असते म्हणून लोक फसतात. साडेनऊनंतर काळा कातळ तापतो. हाताची मागची बाजू 7 सेकंद कातळावर ठेवता येत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात. पावणेसातला चढायला लागा, दहाच्या आत खाली या.

पाणी: 28 किलोच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला साधारण दीड लिटर लागतं, चढावर त्याच्या दुप्पट धरा. अर्ध्या दिवसासाठी एकट्या त्याचे 2 लिटर न्या आणि दर वीस मिनिटांनी 100-150 मिली पाजा. एकदम अर्धा लिटर प्यायला तर ओकतो. निघण्याआधी तीन तास पोटभर जेवण नको; मोठ्या छातीच्या जातींत पोट फुगून पीळ पडतो, आणि तो तासाभरात जिवावर बेततो.

जीभ फावड्यासारखी रुंद बाहेर आली, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, पाय लटपटले की चढ तिथेच संपला. सावलीत न्या, पोट, बगला आणि जांघांवर साधं पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. घाईघाईत उलटं करतात, तिथेच घात होतो.

रानोमाळ

वरच्या दोघांनी महत्त्वाचं सांगितलं, पण नोव्हेंबरातला खरा वैरी राहिलाच. कुसळं! गवत वाळलं की कुसळी गवताचं बी केसांत शिरतं, आणि त्याची अणी अशी असते की ते फक्त पुढेच सरकतं. बोटांच्या बेचक्यात, बगलेत, कानात. दोन दिवसांनी बोटांमध्ये गाठ, मग पू. निघण्याआधी बेचक्यातले केस बारीक कापून घ्या आणि उतरल्यावर बारीक दातांच्या फणीने पोटाखालून विंचरा. कुत्रा एकसारखं डोकं झटकत असेल तर कानात काडी घालू नका, थेट डॉक्टर.

खाजकुइलीच्या शेंगाही याच दिवसांत पिकतात. कुत्रा त्यातून गेला तर चोळू नका, चिकटपट्टीने लव उचला, मग धुवा.

पिशवीत एक वायर कापायची पक्कड ठेवा. शेताच्या कडेला रानडुकरांसाठी तारेचे फासे लावतात; ओढाताण करावी तितका फास आवळतो. कुठे कुठे आमिषात स्फोटक गुंडाळूनही ठेवतात. वाटेवरचं काही तोंडात घ्यायचं नाही, ही सवय म्हणून जिवामरणाची. 'सोड' म्हटल्यावर सोडत नसेल तर जाळीचं मुसकं बांधा, त्यातून धापही टाकता येते आणि पाणीही पिता येतं.

धनगरवाड्याजवळ राखणीची कुत्री असतील. थांबा, लीश आखूड करा, मालकाला हाक मारा: "दादा, कुत्रं धरा जरा." तो आवाज देईस्तोवर पुढे पाऊल नको. आणि अंधार पडायच्या आत गाडीत. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य आहे, माळावर संध्याकाळी लॅब मोकळा ठेवणं म्हणजे ताट वाढून ठेवणं.

काठावरचा

पाण्याबद्दल. नोव्हेंबरात धरण जवळपास भरलेलं असतं, म्हणून काठालगतच खोल होतं आणि झुडपं, कुंपणाच्या तारा पाण्याखाली असतात. मासेमारीची जाळी आणि गळ वेगळेच. गळपट्टा काढा, लाइफ जॅकेट घाला, त्याच्या पाठीच्या मुठीला 10 मीटरची तरंगणारी दोरी. दोरीच्या टोकाला फास नको, गाठीही नकोत, म्हणजे अडकत नाही. उतार मंद आणि मुरमाड असेल अशीच जागा निवडा.

हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग दिसला तर पाय बुडवू देऊ नका. ते निळं-हिरवं शेवाळ काही वेळा विषारी असतं, आणि अंगाला लागलेलं कुत्रा चाटतो तेव्हाही पोटात जातं.

चेंडू परत परत फेकणं हा लॅबवाल्यांचा आवडता अपराध! प्रत्येक खेपेला तो पाणी गिळतो, रक्तातलं सोडियम उतरतं, आणि अर्ध्या तासात झोकांड्या खायला लागतो. 10 मिनिटं पाणी, 10 मिनिटं काठ. दुसऱ्या दिवशी शेपूट मेल्यासारखी लोंबली तर घाबरू नका, गार पाण्यात खूप पोहल्यावर लॅबमध्ये होतं आणि काही दिवसांत बरं होतं. दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पेठेतला_भटक्या

सगळ्यांचे आभार, भीमाशंकर रद्द. दोन शंका. बूट घालावेत का? आणि साप चावला तर?

घाटवाटकरी

बूट सवय नसेल तर नकोत. कातळावर त्याची नखं रुततात तशी बुटाची रबरी चकती रुतत नाही. तळवा फाटला तर तेवढ्यापुरता एक पायमोजा, वर चिकटपट्टी, असं सामान ठेवा. आणि एक जुनी मजबूत चादर. 28 किलो एकट्याने पायऱ्यांवरून उतरवता येत नाही, दोघांनी झोळी करून उतरवता येतो.

पशुवैद्य_मावळ

साप: चालवायचा नाही, त्याच झोळीतून न्यायचा. दोर आवळू नका, चिरा देऊ नका. घोणस, नाग, मण्यार, फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविषाची लस चालते, पण ती सगळ्याच जनावरांच्या दवाखान्यांत नसते. म्हणून निघण्याआधीच कामशेत-तळेगाव भागात दोन ठिकाणी फोन करून विचारा आणि नंबर कागदावर लिहा, रेंज जाते तिकडे. माणसाची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला द्यायची नाही.

गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल नको. त्यापुढे तीन आठवडे भूक, ताप आणि हिरड्यांवरचे लाल ठिपके बघत राहा. गोचीडतापाची लक्षणं इतक्या उशिरा दिसतात. एक जरी दिसलं तरी रक्त तपासा, प्लेटलेट्स मागून घ्या.