केगोन धबधबा (निक्को): ऑक्टोबरअखेर ज्येष्ठांसोबत जमेल का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. नवऱ्याची टोकियोला बदली झालीये आणि ऑक्टोबरच्या शेवटी सासू-सासरे येतायत आमच्याकडे. सासऱ्यांनी कुठल्यातरी कॅलेंडरवर केगोन धबधब्याचा फोटो बघितलाय, लाल-पिवळी झाडं आणि मधून पाण्याची सरळ धार, तेव्हापासून एकच घोषा, मला तिथे न्या. प्रश्न असे की सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना घाटात गाडी लागते आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. टोकियोहून सकाळी निघून रात्री परत असं जमेल का? तोशोगू देवळंही त्याच दिवशी करायची आहेत. कोणी केलंय का ज्येष्ठांना घेऊन? प्लीज डिटेल सांगा.

गप्पिष्ट:
धबधबा बघायला जपान? आमच्या ठोसेघरला या की पावसाळ्यात, कणीस पण मिळेल 😀
(चिडू नका हो, मलाही जायचंय, म्हणून धागा वाचतोय.)

तोक्योतला_मी:
रानजाई, आधी चांगली बातमी. गुडघ्यांचं म्हणाल तर केगोन हा जपानातल्या सोप्या धबधब्यांपैकी आहे. ९७ मीटर उंच आहे पण तो बघायला दरी उतरावी लागत नाही, कड्याच्या आतून लिफ्ट काढलीये, शंभर मीटर खाली नेते मिनिटभरात. लिफ्टला तिकीट आहे. खाली उतरलं की एक गार ओलसर बोगदा लागतो आणि शेवटी थोड्या पायऱ्या आहेतच, त्या कठड्याला धरून सावकाश होतात. तेवढ्याही नको असतील तर वर फुकटातलं व्ह्यूपॉइंट आहे, बस स्टॉपपासून पाच मिनिटं चालत, तिथूनही पूर्ण धार दिसते.

आता वाईट बातमी. ऑक्टोबरअखेर म्हणजे वरची पानं ऐन रंगात आणि अख्खं टोकियो त्या घाटात. एरवी तोबू-निक्को स्टेशनवरून चुझेन्जी ऑनसेनपर्यंत (धबधब्याजवळचा, चुझेन्जी तळ्याकाठचा स्टॉप; ऑनसेन म्हणजे गरम पाण्याचे झरे) बसला पाऊण तास लागतो, त्या दिवसात शनिवार-रविवारी तोच प्रवास काही तासांवर जातो, अतिशयोक्ती नाही. बस जागेवर उभी, बाहेर उतरता येत नाही, आतमध्ये टॉयलेट नाही. सासूबाईंना हे झेपेल का ते तुम्ही ठरवा. ३ नोव्हेंबरला इथे सरकारी सुट्टी असते, तो दिवस आणि त्याला जोडून येणारा वीकेंड तर बघूच नका.

म्हणून माझं मत, एका दिवसात देवळं + धबधबा हा प्लॅन सोडा. एक रात्र वर तळ्याकाठी किंवा त्याच्याही पुढे युमोतोला, गरम झऱ्यांच्या गावात, रहा. पहिल्या दिवशी थेट वर जा, देवळं दुसऱ्या दिवशी उतरल्यावर.

कोयनाकाठ:
मी असहमत. आम्ही मंगळवारी गेलो होतो, टोकियोतल्या असाकुसाहून सकाळची पहिली ट्रेन, दुपारच्या आत धबधबा बघून खाली. वीकडे असेल आणि पहाटे उठायची तयारी असेल तर एका दिवसात होतं. तोशोगू मात्र त्याच दिवशी नको, तिथे दगडी पायऱ्या खूप आहेत, इएयासूच्या (ज्याच्यासाठी तोशोगू बांधलं तो शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता) समाधीपर्यंतच्या तर गुडघेवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा अशा.

पासबद्दल: तोबू रेल्वे कंपनीचे दोन पास आहेत. वर्ल्ड हेरिटेजवाला स्वस्त पडतो पण त्यात चुझेन्जीची बस येत नाही! ऑल एरिया वाला घ्या. आणि स्पासिया एक्ससारख्या एक्सप्रेसचं जादा तिकीट दोन्हीत वेगळं, पर्यटकांचा जेआर पास असेल तर शिनकानसेनने उत्सुनोमिया आणि तिथून जेआरची निक्को लाईन.

तोक्योतला_मी:
@कोयनाकाठ तुमचं वीकडेचं पटलं. पण ज्येष्ठांना पहाटे उठवून पळवणं मला तरी नको वाटतं, ते आलेत आरामात बघायला.

घाटाबद्दल राहिलं. इरोहाझाका, एकूण ४८ वळणं, जपानी मुळाक्षरांच्या जुन्या क्रमातलं एकेक अक्षर प्रत्येक वळणावर पाटीवर लिहिलेलं. चढायचा रस्ता वेगळा आणि उतरायचा वेगळा, दोन्ही वन-वे. वळणं चढताना २० आणि उतरताना २८, म्हणजे गाडी लागायची ती उतरताना जास्त. उलटीची गोळी परतीच्या बसच्या आधी विसरू नका, बहुतेक लोक फक्त जाताना घेतात. वन-वेमुळे अजून एक गंमत, आकेचिदाइराचा रोपवे चढत्या रस्त्यावरच आहे, येताना करू म्हणालात तर येताना तो लागतच नाही. वरून तळं, धबधबा आणि नानताई डोंगर एका फ्रेममध्ये मिळतात, सासऱ्यांच्या कॅलेंडरचा फोटो बहुधा तिथलाच. फक्त गर्दीत पुढची बस भरून येते, त्यामुळे वीकडेलाच तिथे उतरा.

शिदोरी:
शाकाहारी मुद्द्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. निक्कोची खासियत युबा, सोयाबीनच्या दुधावर धरलेली साय, दिसायला शाकाहारी पण ती ज्या रश्श्यात घालतात त्या दाशीत बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, सोबा-उदोन नूडल्सच्या रश्श्याचंही तेच. "मांस नाही ना" विचारलं तर खरोखरच नाही म्हणतात, कारण दाशी त्यांच्या हिशेबात मांस नाही. दाशीचं वेगळं विचारायचं. शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठातलं जेवण, मिळत असेल तर आधी बुक करा. नाहीतर सरळ घरून ठेपले, दशम्या, चटणी. वर तळ्याकाठी बसून खायला छान वाटतं, फक्त माकडांपासून सांभाळा. घाटात आणि वरती माकडं आहेत, त्यांना खायला घालायला निक्कोत २००० सालापासून बंदी आहे, पण पिशवी ओढून न्यायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.

आणि स्वेटर!! तळं जवळजवळ १२७० मीटरवर आहे, टोकियोत नुसत्या शर्टात फिरत असाल तरी वर सकाळी हुडहुडी भरते.

गप्पिष्ट:
हे तळं नैसर्गिक का धरण?

तोक्योतला_मी:
नैसर्गिक. नानताई ज्वालामुखीच्या लाव्हाने नदी अडली, मागे तळं साचलं आणि ते ओसंडून जिथे कोसळतं तो केगोन. आता मात्र तळ्याच्या तोंडाशी दरवाजे आहेत, किती पाणी सोडायचं ते माणसं ठरवतात. लिफ्टने खाली गेलात की मोठ्या धारेच्या दोन्ही बाजूंना नीट बघा, कड्याच्या मधूनच बारीक बारीक धारा फुटलेल्या दिसतात, ते तळ्याचंच पाणी, लाव्हाच्या थरांमधून झिरपून येतं. थंडीत त्या धारा गोठून निळसर होतात. माझ्या मते खरी मजा त्या बारक्या धारांची आहे, वरच्या व्ह्यूपॉइंटवरून त्या एवढ्या जवळ येत नाहीत.

रानजाई:
बापरे किती माहिती, सगळ्यांचे आभार! नवऱ्याशी बोलले, बुधवार-गुरुवार धरून एक रात्र वर राहायचं ठरतंय. सासूबाई ऑनसेनमध्ये सगळ्यांसमोर कपडे काढून जाणं शक्यच नाही, मग युमोतोला राहण्यात अर्थ आहे का? आणि धुकं असलं तर?

कोयनाकाठ:
युमोतोत पाय बुडवून बसायचं कुंड आहे, साडी किंचित वर घेतली की झालं, गुडघ्यांनाही बरं. वाटेत र्‍यूझू धबधबा बस स्टॉपला लागूनच आहे, समोर चहाचं दुकान, पण तिथली पानं केगोनच्या बरीच आधी रंगतात, तुमच्या तारखांना गळालेली असतील.

धुक्याला इलाज नाही. कधीकधी नुसता आवाज येतो आणि समोर पांढरा पडदा. म्हणून लिफ्टचं तिकीट काढायच्या आधी वरून डोकावा, आणि वर राहताय तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन बघता येईल.